आखरावरचे शेण आणि शेऱ्याचा रकाना

२३ एप्रिल १९७९, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. सोनाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात, सामुदायिक गोबर गॅस प्रकल्पाच्या नोंदवहीत त्या वेळी मी तीन गोष्टी लिहिल्या. टाकीची उंची: बेचाळीस सेंटिमीटर. आदल्या दिवशी जमा झालेले शेण: सहाशे बारा किलो. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जो प्रकल्प सुरू झाल्यापासून ऐंशी दिवस मी कोरा ठेवला होता: ‘आखरावरील शेणाची चोरी.’ पहिल्या दोन गोष्टी मी मोजून लिहिल्या होत्या. तिसरी मोजली नव्हती.

संपादकांनी या अंकासाठी माझ्याकडे ग्रामीण ऊर्जेच्या यशाची हकीकत मागितली होती. अशा हकिकती माझ्याजवळ दोन-तीन आहेत आणि त्या खऱ्याही आहेत. परंतु लिहायला बसले की हात या नोंदीपाशी येऊन थांबतो. गावाचे नाव लिहीत नाही. माणसे हयात आहेत.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. रसायनशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात मिळवून तांत्रिक सहायक म्हणून नोकरीला लागले होते. आमच्या कार्यालयात या पदावर त्यापूर्वी बाई नव्हती आणि मी त्या पदावर फार काळ राहणार नाही, हे मी पहिल्याच महिन्यात मनाशी ठरवले होते.

ज्यांनी गोबर गॅस पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शेण आणि पाणी सारख्या प्रमाणात कालवून एका बांधीव खड्ड्यात सोडतात. गावकरी त्या खड्ड्याला विहीरच म्हणत. तेथे हवेशिवाय जगणारे जिवाणू शेण कुजवतात आणि त्यातून जळणारा वायू निघतो. खड्ड्यावर लोखंडी पत्र्याची एक मोठी टाकी उपडी तरंगत असते. वायू साठला की ती वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. म्हणून टाकीची उंची हीच गॅसची शिल्लक. उरलेली मळी शेतात खत म्हणून जाते. आमच्या प्रकल्पात तीस घरांना नळीने गॅस दिला होता: सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. प्रत्येक घराने आपल्या गोठ्यातले शेण घमेल्याने आणून काट्यावर मोजून द्यायचे आणि आखरावरचे, म्हणजे गायकी, गावचा गुराखी, चरायला नेण्याआधी गावची जनावरे जिथे गोळा करतो त्या जागेवरचे शेण, प्रकल्पाच्या मजुराने उचलून आणायचे.

हे सगळे लोकांच्या गळी उतरवणे हा माझ्या कामाचा अर्धा भाग होता. पहिल्या आठवड्यात एक गृहस्थ ट्रॅक्टरची जुनी ट्यूब खांद्यावर टाकून आले.

“बाई, हे भरून द्या.”

“कशाला?”

“मळ्यात चहा करतो. दिवसभर तिकडंच राहतो मी. घरचा वाटा तं माहाच हाय ना?”

ट्यूबमध्ये गॅस का भरायचा नाही, हे मी त्यांना दाब, गळती आणि स्फोट अशा क्रमाने वीस मिनिटे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “मंग अर्धीच भरता का?”

दुसऱ्या एका घरातले आजोबा शेणाच्या विस्तवावरची भाकरी खाणार नाही म्हणून हटून बसले. शेणाच्या गवऱ्यांवरचीच भाकरी ते साठ वर्षे खात आले होते, हे मी निदर्शनास आणले. “ते शेण वाळेल होतं,” ते म्हणाले. त्यांच्या पत्नीने मला आत बोलावून हळूच सांगितले, “आठ दिस झाले, ग्यासवरचीच वाढून राह्यली मी. काल म्हणे, आज भाकर चांगली झाली व. तुम्ही नोका सांगू.” मी ही नोंद केली नाही, परंतु माझ्या मते प्रकल्पाचे ते सर्वांत विश्वसनीय मूल्यमापन होते.

आता आकड्यांकडे येते. प्रकल्पाला सरकारी अनुदान होते आणि त्याचा दुसरा हप्ता ‘पूर्ण क्षमतेने चालत असल्याच्या’ अहवालावर अवलंबून होता. पूर्ण क्षमता म्हणजे रोज हजार किलो शेण. हा आकडा आकाशातून पडला नव्हता. तो मी काढला होता. आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मी गावात पाहणी केली, एकशे पंचवीस जनावरे मोजली आणि प्रत्येकी आठ किलो धरले. आठ किलो हे प्रमाण पुस्तकात होते. शिवाय तीन मोठ्या शेतकऱ्यांच्या गोठ्यात जाऊन मी स्वतः वजन करून पडताळले होते. माझा अंदाज वाचून कार्यकारी अभियंता साहेबांनी ‘पाहणी काटेकोर’ असे लिहिले. तो कागद मी कितीतरी दिवस जपून ठेवला होता.

प्रत्यक्षात सहाशे किलोच्या आसपासच शेण येत राहिले. गॅस संध्याकाळी चाळीस मिनिटांत संपू लागला. बायका अर्धी शिजलेली डाळ चुलीवर चढवू लागल्या आणि माझ्या दारात येऊन मला सुनावू लागल्या. एप्रिलच्या मध्यास अभियंता साहेब आले. नोंदवही चाळून त्यांनी चष्मा काढला.

“बाई, सरकारला तूट चालते. कारण नसलेली तूट चालत नाही.”

“कारण शोधते आहे, साहेब.”

“लवकर शोधा. कारण सापडले नाही तर अंदाज चुकला असे होते. अंदाज कोणाचा?”

“माझा.”

“आणि सही माझी,” ते म्हणाले. ते रागावले नव्हते, हेच अधिक वाईट होते.

त्यानंतर चार दिवस मी पहाटे आखरावर जाऊन उभी राहिले. चौथ्या दिवशी मला गिरजाबाई दिसली. पन्नाशीची, एकटी बाई. नवरा वारलेला, मुलगी सुलतानपूरला दिलेली. ती वर्षानुवर्षे शेण वेचून गवऱ्या थापत असे आणि बाजाराच्या दिवशी हॉटेलवाल्यांना विकत असे. आखराच्या कडेला आणि पुढे चराईच्या वाटेवर ती चालत होती. शेणाचा पो दिसला की वाकून त्यावर एक काडी आडवी ठेवायची आणि पुढे जायची. मी विचारले तेव्हा तिने सांगितले की काडी ठेवली म्हणजे ते शेण तिचे झाले. दुपारी टोपली घेऊन येईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. गावातल्या सगळ्या शेणवेच्या बायका असेच करतात, तिची सासूही असेच करत असे.

प्रकल्पाच्या समितीने आखरावरचे शेण प्रकल्पाचे असा ठराव केला होता. दवंडी दिली होती. ठरावाच्या सभेला यातली एकही बाई बोलावली नव्हती, कारण त्यांच्याकडे जनावरे नव्हती आणि म्हणून त्या माझ्या पाहणीतही नव्हत्या. मला कारण हवे होते, ते काडी हातात घेऊन समोर उभे होते. घरी येऊन मी ती नोंद केली.

मासिक अहवालाची एक प्रत समितीकडे जाई. समितीचे अध्यक्ष सरपंच होते आणि त्यांच्या घरचाही संध्याकाळचा गॅस संपत असे. पुढे काय होईल याचा मी विचार केला नव्हता, असे म्हणणे सोपे आहे. खरे असे की मी एक पायरी विचार केला होता: शेरा वर जाईल आणि माझा अंदाज वाचेल. दुसरी पायरी माझ्या विषयात बसत नव्हती.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी पोलीस पाटील गजाननराव माझ्या खोलीच्या दारात आले. तिशीचा माणूस, पूर्वी शाळेत शिकवत असे. गावात पोलीस पाटीलकी पिढ्यान्‌पिढ्या एका घराण्यात चालत आली होती. कायदा बदलल्यानंतर अर्ज करून, परीक्षा देऊन नेमला गेलेला हा पहिलाच.

“ताई, जमादार गिरजाबाईले घेऊन गेला.”

“कुठे?”

“दूरक्षेत्रात. सकाळीच. मले ना विचारलं, ना सांगतलं. तुमच्या वहीची नक्कल हाय म्हणे सरपंचापाशी.” त्यांनी घाम पुसला. “तुम्ही चोरी लिहिलं काऊन?”

आम्ही मिळेल त्या गाडीने निघालो आणि तीनच्या सुमारास पोहोचलो. दूरक्षेत्र म्हणजे पोलीस ठाण्याचे लहानसे उपठाणे: एक खोली आणि ओसरी. गिरजाबाई ओसरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिची रिकामी टोपली मुद्देमाल म्हणून टेबलावर ठेवली होती. जमादार आम्हाला पाहून उठून उभा राहिला. मी सरकारी नोकर होते.

“या बाई, बसा. पाणी आणा बे बाईले.”

गजाननराव म्हणाले, “जमादार साहेब, गावातून बाईमाणूस आणलं, तं मले निदान निरोप तं द्यायचा.”

“पहिलचे पाटील होते तवा निरोप लागत नव्हता,” जमादार हसला. “तेच माणूस आणून बसवत. तुम्ही पेपर लिहून झालेले पाटील. तुमच्यापाशी कायदा लय, माणूस एक नाई.”

“कायदा तुमच्यापाशी बी तोच हाय.”

“हाव ना. म्हून तं वही पाहून काम केलं.” मग तो माझ्याकडे वळला. “बाई, तुमच्या शब्दावर उचललं तिले. आता तुम्हीच सांगा, चोरी झाली का नाई?”

“तिला सोडा.”

“सोडतो ना. मले कुठं हौस हाय? एवढं लिहून द्या का चोरी झालीच नाई, वहीतलं खोटं हाय. आत्ता सोडतो.”

त्याने कोरा कागद आणि टाक माझ्यापुढे सरकवला. या कामात मी शेकडो कागदांवर सह्या केल्या. त्या एकाच कागदाने मला खरा प्रश्न विचारला होता. ‘चोरी नाही’ असे लिहिले तर तूट कशाची, हा प्रश्न आला असता आणि त्याचे उत्तर माझी पाहणी हे होते. मी म्हणाले, “माझी व्यक्तिशः काही तक्रार नाही. समज देऊन सोडावे.”

गजाननरावांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना समज देण्याचा अर्थ ठाऊक होता. मलाही होता. समज गुन्हेगाराला देतात.

जमादाराने तसे लिहिले. गिरजाबाईने अंगठा उठवला आणि तिचे नाव दूरक्षेत्राच्या संशयितांच्या वहीत चढले. परतताना ती गाडीत एका कोपऱ्यात बसली होती. तिने मला विचारले, “बाई, म्या कोनाचं चोरलं?”

“समितीचा ठराव होता, गिरजाबाई.”

“कोनाच्या घरातून नेलं का म्या? गोठ्यात शिरली का?” मग ती म्हणाली, “काडी ठेवेल होती ना व माही.”

त्या दिवसापासून तिने शेण वेचणे सोडले. तिचे पाहून इतर बायकांनीही सोडले. आणि येथे, वाचकहो, मला हवा असलेला प्रयोग आपोआप घडून आला होता. प्रयोगशाळेत आपण एक घटक काढून घेतो आणि परिणाम बदलतो का ते पाहतो. घटक काढला गेला होता. पुढच्या आठ दिवसांचे आकडे असे: सहाशे अठरा, सहाशे पाच, सहाशे एक, सहाशे चौदा, सहाशे नऊ, पाचशे अठ्ठ्याण्णव, सहाशे दहा, सहाशे तीन.

मी पुन्हा पाहणीचे कागद काढले. चूक शोधायला एक संध्याकाळ पुरली. पुस्तकातले आठ किलो हे दावणीला बांधून वैरण खाणाऱ्या जनावराचे होते. मी पडताळणी केली ते तीन गोठेही मोठ्या शेतकऱ्यांचेच होते, त्यांची जनावरे दावणीलाच असत. गावातली बाकीची जनावरे सकाळी सातपुड्याच्या उतारावर जात आणि सूर्य मावळताना परत येत. दिवसभराचे शेण रानात पडे. आणि पाहणी दिवाळीत, हिरवा चारा भरपूर असताना केलेली. मे महिन्यात त्याच गुरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. गायकीला विचारले असते तर त्याने हे उभ्याउभ्या सांगितले असते. त्याला विचारण्याचे मला सुचले नाही, कारण त्याचे प्रमाण कोणत्याही तक्त्यात नव्हते.

जून महिन्यात कार्यालयाचा अहवाल वर गेला. त्यातले वाक्य मला पाठ आहे: ‘शेणाच्या चोरीस पोलिसांच्या साहाय्याने प्रतिबंध करण्यात आला असून पुरवठा पूर्ववत होत आहे.’ मसुदा माझाच होता. अनुदानाचा दुसरा हप्ता आला. आकडा चुकल्याबद्दल ज्यांनी जाब द्यायचा, त्यांनी जाब वसूल केल्याचा तो अहवाल होता.

जुलैत एका विहिरीवरच्या पंपाची पितळी तोटी गेली. जमादाराने वही उघडली आणि गिरजाबाईला बोलावले. पंपाला तोटी असते हे तिला माहीत नसावे. ऑगस्टमध्ये शाळेची घंटा गेली, पुन्हा तिलाच बोलावले. जाऊन बसायचे, दुपारी परत यायचे. त्या दिवसाची निंदणीची मजुरी बुडायची. पुढे तिला निंदणीलाही कोणी सांगेनासे झाले. चौकशीला जाणारी बाई कापसाच्या शेतात नको, असे एका शेतकऱ्याने मलाच ऐकवले.

त्याच सुमारास गजाननराव एक वर्तमानपत्र घेऊन आले. देशातल्या पोलिसांच्या कारभारात सुधारणा करण्यासाठी केंद्र सरकारने आयोग नेमला होता आणि लोकांनी आपले अनुभव कळवावेत, अशा अर्थाची बातमी त्यात होती.

“ताई, तुम्ही लिहा. तुमची भाषा पक्की हाय. वही कशी चालते, नाव चढते ते उतरत काऊन नाई, पाटलाले इचारत काऊन नाई, सारं लिहा.”

मी लिहिले. चार पाने झाली. पहिल्या तीन पानांत दूरक्षेत्र, संशयितांची वही आणि विनाचौकशी बोलावणी यांचे मुद्देसूद विवेचन होते. आजही ते मला चांगले वाटते. चौथ्या पानावर ज्या शेऱ्यावरून हे सुरू झाले त्याची हकीकत होती. गजाननरावांनी चारही पाने वाचली.

“हे चौथं पान पाठवलं तं तुमच्या नोकरीवर येईन,” ते म्हणाले.

“येईल.”

“मंग तीनच पाठवा ना.”

“तीनच पाठवली तर दोष सगळा जमादाराचा ठरतो. ते पत्र खोटे होईल.”

“खोटं कसं? जमादार तं करूनच राह्यला ना!” त्यांचा आवाज चढला. “चार नाई पाठवत, तीन नाई पाठवत. तुमची इमानदारी तिच्या काय कामाची, ताई?”

या प्रश्नाला मी त्या दिवशी तात्त्विक उत्तर दिले होते. ते येथे लिहिण्याच्या योग्यतेचे नाही. एक पत्र माझ्या नोकरीला धोक्याचे होते आणि दुसरे माझ्या स्वतःविषयीच्या मताला. मी दोन्ही वाचवले. पाकीट माझ्या पेटीत राहिले.

ऑक्टोबरमध्ये मुंबईहून मूल्यमापनासाठी तीन अधिकारी आले. त्यांनी टाकी पाहिली, दोन घरांत शेगडी पेटवून पाहिली, चहा घेतला. एकाने, तो वयाने तरुण आणि हुशार होता, नोंदवहीवर बोट ठेवून मला विचारले, “चोरी थांबल्यावर आकडा वाढलेला दिसत नाही. असे का?” संपूर्ण प्रकरणात हा प्रश्न विचारणारा तो एकमेव माणूस. अभियंता साहेब माझ्या शेजारी उभे होते.

मी म्हणाले, “स्थानिक कारणे आहेत.”

त्याने ते लिहून घेतले.

डिसेंबरमध्ये मला बढती मिळाली आणि विभागीय कार्यालयात बदली झाली. तेथून मी पाहणीचे नवे नियम सुचवले: दावणीची आणि चराईची जनावरे वेगळी मोजावीत, उन्हाळ्यात पुन्हा मोजावे, शेण वेचणाऱ्यांचा हिस्सा आधी वजा करावा. ते मान्य झाले, माझे कौतुक झाले. वडनेर भोलजीच्या एका प्रकल्पात त्या पद्धतीने काढलेला अंदाज जवळजवळ तंतोतंत उतरला. दूरक्षेत्राच्या वरच्या अधिकाऱ्यांना मी बढतीनंतर एक पत्रही पाठवले, की संबंधित बाईविरुद्धचा शेरा तांत्रिक गैरसमजातून झाला होता. त्याची पोच आली. नाव वहीत तसेच आहे, असे गजाननरावांनी मागच्या वर्षीही कळवले.

गाव सोडण्याच्या दिवशी सकाळी मी गिरजाबाईच्या घरी गेले. ती दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी म्हणाले की तिने तिच्या टोपलीत नेहमी भरायची तेवढे शेण भरून काट्यावर आणावे, मला वजन करायचे आहे.

“आता काऊन मोजता?”

“तेव्हा मोजले नव्हते म्हणून.”

“मी नाई हात लावत शेणाले. तुम्ही आज चाल्या जासान, उद्या मले जमादार नेईन.”

“मी सोबत आहे.”

“तवा बी होत्या तुम्ही सोबत.” ती शेंगा सोलतच राहिली. मग म्हणाली, “लिहून द्या आधी. हे शेण गिरजाबाईनं चोरलं नाई. खाली सही करा. शिक्का बी मारा.”

मी नोंदवहीचे पान फाडले आणि तिने सांगितले तसेच, तिच्याच शब्दांत लिहिले. सही केली, तारीख घातली, प्रकल्पाचा शिक्का मारला. तिला वाचता येत नव्हते. तिने शेजारच्या सुनेला हाक मारून ते दोनदा वाचून घेतले, घडी करून चोळीत ठेवले आणि टोपली उचलली.

आखरावर आम्ही दोघीच होतो. जमिनीवरच्या पोंकडे पाहत ती सवयीने एकदा काडीसाठी वाकली आणि तशीच सरळ झाली. तिने टोपली भरली. दाबून, कडेपर्यंत, जणू वजन कमी पडले तर माझी पंचाईत होईल. काट्याला अडकवताना म्हणाली, “यापरीस जास्त नाई येत बाई डोक्यावर. मान मोडते.” दिवसाला दोन खेपा, असे मी विचारल्यावर तिने सांगितले.

ज्या तुटीसाठी तिचे नाव वहीत चढले, ती तीनशे अठ्ठ्याऐंशी किलोंची होती. मी काट्याचा काटा स्थिर होईपर्यंत थांबले, रिकाम्या टोपलीचे वजन वजा केले आणि त्या नोंदवहीतला माझा शेवटचा आकडा लिहिला. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.

शेण, एक टोपली: ११ किलो ४०० ग्रॅम.